पाणी खाणारी गाडी

जुन्या मारुती ८०० च्या डिकीत पाण्याची बाटली हमखास सापडते. मालकाला विचारलं तर तो सहज सांगतो, "थोडं पाणी खाते, आठवड्याला लिटरभर टाकलं की चालते." हे ऐकलं की मला त्या गाडीची काळजी वाटायला लागते. गाडीचं कूलिंग ही बंद यंत्रणा आहे. तिच्यातलं पाणी खर्च व्हायचं कारणच नाही. ते कमी होतंय म्हणजे कुठून तरी बाहेर जातंय किंवा सिलिंडरमध्ये शिरून वाफ होऊन उडून जातंय. वरून भरत राहिलं की गाडी चालू राहते आणि ती वाट शोधायचं राहून जातं. मग एखाद्या मे महिन्यात, माणसांनी आणि सामानाने भरलेली गाडी पसरणी घाट चढत असताना, हेडचं गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि सिलिंडर ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, उडतं.

मारुती ८०० ची विक्री डिसेंबर १९८३ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे त्यातली सगळ्यात तरुण गाडीही आता दहा वर्षांच्या पुढे गेली आहे. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आडवं बसवलेलं इंजिन, पुढे छोटा रेडिएटर आणि विजेवर चालणारा एक फॅन. बॉनेट उघडलं की जवळजवळ सगळं हाताला लागतं. घरी कूलिंगचं काम शिकायला आणि करायला इतकी सोयीची गाडी आपल्याकडे दुसरी नाही, असं माझं मत आहे. आकडे मी याच गाडीचे देतो, पण विचार करायची पद्धत कुठल्याही जुन्या पेट्रोल गाडीला लागू पडते.

आधी झाकणाबद्दल, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडे होतं. रेडिएटरच्या कॅपवर ०.९ हा आकडा असतो. यंत्रणेतला दाब वातावरणापेक्षा ०.९ किलो प्रति चौरस सेंटीमीटरने वाढेपर्यंत ही कॅप बंद राहते. प्रेशर कुकरसारखंच, दाब वाढला की उकळबिंदू वाढतो. समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळणारं साधं पाणी या दाबाखाली ११८ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे, तिथे उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळायला लागतं. कॅपचं रबर कडक झालं असेल किंवा स्प्रिंग मेली असेल, तर दाब धरलाच जात नाही आणि जी गाडी पुण्यात ठणठणीत होती ती घाटमाथ्यावर पाणी फेकते. रेडिएटर, पंप, इंजिन सगळं निर्दोष असतं, दोष त्या छोट्या झाकणाचा असतो.

कॅपच्या पोटात मधोमध आणखी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. इंजिन थंड होताना आतलं पाणी आकसतं, तेव्हा हा व्हॉल्व्ह उघडतो आणि बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. टाकीला जाणारी ती करंगळीएवढी नळी तडकलेली किंवा सैल असली की पाण्याऐवजी हवा आत येते. टाकी भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र अर्धा रिकामा असतो. निम्मे लोक फक्त टाकी पाहून "पाणी भरपूर आहे" म्हणतात. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना कॅप उघडून रेडिएटरच्या तोंडाशी पाणी आहे का, हे पाहणं हीच खरी तपासणी. गरम इंजिनावर कॅप उघडू नये. वरचा होज, म्हणजे रेडिएटर आणि इंजिन जोडणारी वरची जाड रबरी नळी, फडक्याने दाबून पाहावा, तो फुगलेला आणि टणक असेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही.

पाना हातात घेण्याआधी गाडी कधी तापते ते नीट लक्षात घ्यावं. निम्मं निदान तिथेच होतं. सिग्नलला आणि ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा चढतो आणि हायवेला लागलं की उतरतो, तर संशय फॅनवर. कारण वेगात असताना हवा आपोआप रेडिएटरच्या जाळीतून जाते, उभ्या गाडीत ती फक्त फॅन आणतो. उलट गावात ठीक, पण ऐंशीच्या वेगाला किंवा चढावर तापत असेल, तर पाण्याचा प्रवाह अपुरा आहे: रेडिएटर चोक म्हणजे आतून बुजलेला, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अर्धवट उघडणारा, फॅन बेल्ट घसरणारा किंवा खालचा होज आत ओढला जाऊन चपटा होणारा. सुरू केल्यापासून पाच-सात मिनिटांतच काटा लाल रेघेकडे धावला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, आत हवा अडकलीय किंवा पाणीच नाही. काट्यावरही पूर्ण भरवसा ठेवू नये. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच तो खरं सांगतो. पातळी त्याच्याखाली गेली की तो वाफेत उघडा पडतो आणि इंजिन भाजत असताना काटा निवांत मध्यावर बसलेला दिसू शकतो.

फॅन तपासणं सोपं आहे. थर्मोस्विचचं, म्हणजे पाणी तापलं की फॅन सुरू करणाऱ्या स्विचचं, कनेक्टर काढायचं, किल्ली ऑन करायची आणि कनेक्टरमधल्या दोन टोकांना वायरच्या तुकड्याने जोडायचं. फॅन फिरला तर स्विच खराब. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले, मग अर्थिंग आणि शेवटी मोटरला थेट बॅटरीवरून दोन वायरी देऊन पाहायचं. बरेच लोक स्विच बदलण्याऐवजी डॅशबोर्डवर वेगळं बटण बसवून घेतात. रस्त्यात अडकल्यावर घरी पोचण्यापुरतं ते ठीक, कायमची व्यवस्था म्हणून मला ते मुळीच पटत नाही. बटण दाबायचं विसरायला एक फोन कॉल पुरतो.

आता थर्मोस्टॅटबद्दल. "काढून टाका साहेब, आपल्याकडे काय बर्फ पडतो?" हे वाक्य प्रत्येक तालुक्याच्या गावी ऐकू येतं, आणि या एका सल्ल्याने जुन्या गाड्यांचं मोठं नुकसान केलं आहे. थर्मोस्टॅटचा बर्फाशी संबंध नाही. इंजिन ठरलेल्या तापमानाला लवकर आणणं आणि तिथेच धरून ठेवणं हे त्याचं काम. थंड इंजिनात कार्ब्युरेटरमधून आलेल्या पेट्रोलची नीट वाफ होत नाही. ते थेंबाथेंबाने सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळून ते पातळ करतं. पिस्टनच्या रिंगांमधून निसटलेली पाण्याची वाफ सम्पमध्येच, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्यातच, साचून राहते आणि ऑइलचा गाळ होतो. पावसाळ्यात रोज तीन-चार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत हे फार झपाट्याने घडतं. ॲव्हरेज कमी होतो तो वेगळाच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, थर्मोस्टॅट काढल्यावर चोक झालेला रेडिएटर काही महिने वेळ मारून नेतो. आजार तसाच राहतो, फक्त लक्षण दिसेनासं होतं.

वरचा होज इंजिनाला जिथे मिळतो त्या टोपणाखाली थर्मोस्टॅट बसतो. टोपणाचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षं गंजून धरलेले असतात, तेव्हा आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं आणि पाना हळूहळू, मागे-पुढे करत फिरवावा. बोल्ट तुटला तर अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांवर जातं. थर्मोस्टॅट बाहेर काढून दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळता ठेवावा, तळाला टेकू देऊ नये, शेजारी थर्मामीटर धरावा. ८२ चा थर्मोस्टॅट ८२ अंशांच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळीला येईपर्यंत सुमारे ८ मिलिमीटर उघडला पाहिजे. उशिरा उघडला, अर्धवट उघडला किंवा थंड झाल्यावर पूर्ण मिटला नाही, तर नवा आणायचा. तो काही शे रुपयांत मिळतो. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे ठेवायची आणि त्याच्यावरची ती छोटी हलती पिन वरच्या अंगाला, कारण अडकलेली हवा तिथूनच निघते. जुनं पॅकिंग ब्लेड आडवं धरून खरवडायचं. ॲल्युमिनियमवर उठलेला एक खोल ओरखडा पुढे कायम झिरपत राहतो. नवं पॅकिंग कोरडं किंवा अगदी पातळ सीलंट लावून बसवावं. सीलंटचे जाड वळसे आतल्या बाजूला सुटतात आणि रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतात.

रेडिएटर चोक का होतो, याचं उत्तर बहुतेक वेळा नळात किंवा बोअरवेलमध्ये असतं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. तापल्यावर ते धातूवर बसतात, आणि हा थर उष्णता अतिशय कमी वाहून नेतो. आठवड्याला लिटरभर पाणी टाकणारा माणूस वर्षाला पन्नास लिटर पाण्यातले क्षार रेडिएटरमध्ये भरत असतो. पाणी खाणारी गाडी शेवटी तापतेच, ती या वाटेनेही. त्यात साध्या पाण्याला गंजरोधक नसल्याने लोखंडी भाग गंजतात, तो तांबूस गाळ खालच्या नळ्या बुजवतो आणि पंपाच्या पात्यांनाही खातो.

निचरा करायला इंजिन थंड हवं. रेडिएटरच्या तळाशी छोटा कॉक असतो. जुन्या गाडीत तो फिरवताना तुटेलसं वाटलं तर जोर न लावता खालचा होज काढावा. पाणी बादलीत घ्यावं, गटारात किंवा अंगणात सोडू नये. कूलंटमधलं, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या गंजरोधक द्रवातलं, एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. घरात लहान मूल असेल तर उघडी बादली क्षणभरही नजरेआड ठेवू नये.

थर्मोस्टॅट बाहेरच ठेवून, टोपण परत लावून, स्वच्छ पाणी भरायचं, इंजिन दहा मिनिटं चालवायचं, थंड होऊ द्यायचं, काढायचं. पाणी नितळ येईपर्यंत हेच. क्षारांचा थर असेल तर लिटरला २० ते २५ ग्रॅम लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, गरम पाण्यात विरघळवून भरावं, पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालवावं आणि लगेच काढून टाकावं. रात्रभर आत ठेवू नये. त्यानंतर एका पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून फिरवावं, मग दोनदा साध्या पाण्याने धुवावं. कॉस्टिक सोडा किंवा संडास साफ करायचं ॲसिड वापरायचा मोह काहींना होतो. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि ही दोन्ही रसायनं ॲल्युमिनियम खातात. कॉस्टिकने तर हायड्रोजन वायूही सुटतो.

एक गोष्ट आधीच मनाशी धरावी: खूप जुन्या रेडिएटरमध्ये बारीक छिद्रं क्षारांनीच बुजलेली असतात. साफ केल्यावर ती उघडी पडतात. सफाईने गाडी बिघडली असं तेव्हा म्हटलं जातं, पण छिद्र आधीपासूनच होतं.

साफ करूनही शंका राहिली तर रेडिएटर बाहेर काढावा. खालचं तोंड तळहाताने बंद करून वरपर्यंत पाणी भरायचं आणि हात सोडायचा. पाणी भसकन पडलं पाहिजे. धार धरून संथ आलं तर नळ्या बुजल्या आहेत. जुन्या गाड्यांचा तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर रेडिएटरवाल्याकडून वरची-खालची टाकी उघडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करून घेता येतं आणि नवं सोल्डर मारून तो आणखी बरीच वर्षं चालतो. हे काम करणारे कारागीर कमी होत चाललेत. आपल्या गावात असा एक जण असेल तर त्याच्याकडे जरूर जावं. ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकच्या टाक्या असलेला रेडिएटर मात्र सरळ बदलावा. जाळीच्या बाहेरची माती आणि किडे नळाच्या हलक्या धारेने, इंजिनाच्या बाजूने पुढे असे धुवावेत. प्रेशर वॉशरने पातळ पत्र्या आडव्या होतात आणि हवेची वाटच बंद होते.

गळती शोधताना ओल्या डागांपेक्षा सुकलेले डाग जास्त सांगतात. होजच्या टोकाशी पांढरी, हिरवी किंवा तांबूस पपडी दिसली की तिथून गरम असताना पाणी झिरपतं आणि लगेच सुकतं. होज थंड असताना चिमटीत दाबून पाहावा: करकरला किंवा भुसभुशीत लागला तर बदलावा, क्लिपजवळ फुगलेला असेल तरीही. काढताना पिळून, स्क्रू ड्रायव्हर खुपसून ओढू नये. जुना होज तसाही टाकायचाच असतो, तो ब्लेडने लांबीत चिरावा, म्हणजे रेडिएटरची मान, म्हणजे होज चढतो ते तोंड, वाकत नाही. मान पॉलिश पेपरने साफ करून, साबणाच्या पाण्याचा हात लावून नवा होज चढवावा. ग्रीस लावू नये, रबर त्याने खराब होतं. क्लिप मानेवरच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला बसली पाहिजे.

वॉटर बॉडीच्या, म्हणजे पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून ठिबकतं, आणि ते भोक त्यासाठीच ठेवलेलं असतं. ते एम-सीलने बुजवणं म्हणजे पाणी बेअरिंगमध्ये ढकलणं. बेल्ट सैल करून पुली हाताने हलवून पाहावी, खेळ जाणवला किंवा फिरवताना खरखर लागली तर पंप गेला. या इंजिनात पंप काढायला टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा, उतरवावा लागतो. घरच्या कामाची मर्यादा मी इथेच आखेन. टायमिंगच्या खुणा जुळवायचा सराव नसेल तर अनुभवी मेकॅनिककडून करून घ्यावं आणि त्याच वेळी टायमिंग बेल्ट व तो ताणून धरणारा टेन्शनरही नवे घालावेत. मजुरी एकदाच पडते. बाहेरच्या फॅन बेल्टचा ताण मात्र आपण स्वतः पाहू शकतो. मधोमध अंगठ्याने जोरात दाबल्यावर तो साधारण सेंटीमीटरभर दबावा. नावाला फॅन बेल्ट असला तरी या गाडीत तो पंप आणि अल्टरनेटर फिरवतो.

बाहेर कुठेही डाग नाही आणि पाणी तर कमी होतंय, तर गॅस्केटकडे पाहावं. थंड इंजिन, कॅप उघडी, सुरू करून किंचित रेस द्यायची. रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत राहिले, किंवा कॅप लावून मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा झाला, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली की लोक घाबरतात. पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांनीही ती जमते, म्हणून डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचं, ऑइलही दुधी दिसतंय का ते पाहावं. हेड उतरवलंच तर फक्त गॅस्केट बदलून बसवू नये. सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, वाक मोजायचा, ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर मशीन शॉपमध्ये फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घ्यायचं. वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट फार दिवस टिकत नाही.

हळदीचा उपाय ट्रकवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरला आहे. गळक्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली की ती फुगून बारीक भोक बुजवते. आडरानात अडकलात तर जरूर करा. पण घरी आल्यावर दोन दिवसांत सगळं धुऊन काढा. हळदीला गळकं भोक आणि रेडिएटरची नळी यांतला फरक कळत नाही. बाटलीत मिळणाऱ्या लीक-स्टॉपचंही तेच.

सगळं बसवून झालं की भरणं. यंत्रणेत साधारण साडेतीन लिटर मावतं. आपल्या हवेत पाणी गोठायची भीती नाही, म्हणून सत्तर टक्के पाणी आणि तीस टक्के कूलंट पुरतं, म्हणजे सुमारे एक लिटर घट्ट कूलंट आणि अडीच लिटर डी-मिनरलाइज्ड पाणी, जे बॅटरीसाठी विकतात ते. गंज रोखायला आणि पंपाच्या सीलला वंगण मिळायला एवढं प्रमाण हवंच. डब्यावर 'रेडी टू यूज' लिहिलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही, ते आधीच मिसळलेलं असतं. हिरवा, लाल, निळा हे कंपन्यांनी घातलेले रंग आहेत, त्यावरून प्रकार कळत नाही. दोन वेगळे कूलंट एकत्र करू नयेत, काही जोड्यांचा चिकट गाळ होतो. साधा हिरवा कूलंट दोन वर्षांनी बदलावा. रंग टिकला तरी त्यातलं गंजरोधक तोवर संपलेलं असतं.

गाडीचं तोंड चढाला करून उभी करावी, म्हणजे हवा रेडिएटरच्या तोंडाकडे येते. सावकाश भरावं, मधून मधून वरचा होज दाबत राहावं, बुडबुडे निघत जातात. मग कॅप न लावता इंजिन सुरू करावं. सुरुवातीला वरचा होज थंडच राहील. दहा-पंधरा मिनिटांनी तो एकाएकी गरम होतो, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. त्याच वेळी पातळी खाली जाते, तिथे भर घालावी. हीटर असलेल्या गाडीत त्याचा नॉब पूर्ण गरमवर ठेवावा. फॅन एकदा सुरू होऊन बंद झालेला पाहिल्याशिवाय काम संपलं समजू नये, आणि तोवर हात व ओढणी-टॉवेल जाळीपासून दूर ठेवावेत, तो अचानक फिरतो. मग कॅप लावून बाजूची टाकी दोन रेघांच्या मध्ये भरावी.

दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर कॅप उघडून पुन्हा पाहावं. थोडी पातळी उतरलेली असते, कारण उरलीसुरली हवा निघते. आठवड्याने सगळ्या क्लिप अर्धा आटा आवळाव्यात, नवं रबर दबून बसलेलं असतं. त्यानंतर महिनाभर दर रविवारी टाकीवर पेनाने खूण करून पातळी पाहावी. ती खुणेवरच राहिली, तर डिकीतली बाटली पिण्याच्या पाण्याला वापरायला हरकत नाही.